नवव्या प्रकरणातली बाई

२ सप्टेंबर

धाकट्या,

मग मी सरळ दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि भात्यावर पाय मारला. पाळकसाहेबांचं "आपल्याच मंडळीचे एक माजी पाळक" एवढं म्हणून झालं होतं. पुढचं पायपेटीत बुडालं. सूर लागला की उठायचं ही सगळ्यांची सवय, त्यामुळे मंडळी उठली. उपदेश अजून निदान दहा मिनिटं उरला होता. साहेबांनी कागद मिटले आणि गीताचं पुस्तक उघडलं. दुसरं काय करणार?

नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, आज जरा घाई झाली."

म्हटलं, "तुम्ही श्वास घेतलात साहेब, मला वाटलं संपलं."

हे घराचं कुलूप काढताना म्हणाले, "अर्धं मिनिट आधी वाजवलं असतंस तर 'माजी'सुद्धा निघालं नसतं." घड्याळजीशी लग्न केलं की असं ऐकावं लागतं. तुझं पुस्तक हे वाचत नाहीत, पण मी वाचायला बसले की दिवा माझ्या बाजूला सरकवतात. त्यावरून काय ते समज.

साहेबांचा राग मला समजतो. उपदेश करणाऱ्यांतले निम्मे स्वतःच्या उपदेशावर विश्वास ठेवत नाहीत असं तू छापलंस. आता दर रविवारी बाकांवरचे लोक त्यांच्याकडे बघून मोजतात, हे कुठल्या निम्म्यातले. अकरा वर्षांपूर्वी तू पाळकी सोडून त्याच जागेवरून उतरलास आणि पेपरात गेलास. त्यांना त्याच जागेवर दर आठवड्याला चढायचं आहे.

पण लोक बोलतात ते नवव्या प्रकरणाबद्दल. कित्येक वर्षं विश्वास नाही, तरी दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन चर्च झाडणारी ती बाई. "देव नाही असं वाटतं, पण त्याच्यासाठी जागा झाडून ठेवायची सवय सुटत नाही," हे तिचं वाक्य गायनवृंदातल्या दोघींना पाठ आहे. ती कोण, हे मला सांगू नकोस. एवढंच कळव, तुला ठाऊक आहे का?

जेवण वेळेवर घे.

ताई


६ सप्टेंबर

ताई,

पत्र कचेरीत वाचलं आणि मोठ्याने हसलो. शेजारच्या टेबलावरच्या क्रीडावाल्याने चष्मा काढून पाहिलं. त्याचं म्हणणं, धर्माच्या पानावर काम करणाऱ्याने हसणं बरं दिसत नाही. परवा म्हणाला, "तुमचं एक बरं आहे. तुमच्या सामन्याचा निकाल कधीच लागत नाही."

पुस्तकाच्या प्रती परत येत आहेत. एकीत आरपार खिळा ठोकलेला होता. खिळा चांगला होता, तो मी काढून भिंतीत मारला आणि त्यावर कोट अडकवतो. एका गृहस्थाने लिहिलंय की मी दर रविवारी कुठेतरी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसतो, म्हणजे चोर आपल्याच घरात पुन्हा पुन्हा येतो. हे वाक्य मला आवडलं. खरं आहे. दर रविवारी नवी जागा, नवा उपदेशक, आणि मी पेन्सिलने लिहितो, कारण पेनचा आवाज होतो. गीताला सगळ्यांबरोबर उठतो. ओठ हलतात. आवाज काढत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक होऊ नये अशीच व्यवस्था मी केली आहे. वाचकांच्या प्रश्नांचं सदर सुरू केलं तेव्हा टपाल फोडणाऱ्याला सांगून ठेवलं होतं की पाकिटं फेकून द्यायची आणि फक्त आतला कागद माझ्याकडे आणायचा. कुठल्या गावचा शिक्का, कुणाचा पत्ता, काही नको. पाळक असताना कुणी मन मोकळं करायला आलं की मी खिडकीकडे बघत बसायचो, तुला आठवत असेल. तेच हे. त्या बाईचं पत्र चार वर्षांपूर्वी आलं. टाइप केलेलं, सहीशिवाय. मी सदरात सहा ओळींचं उत्तर दिलं होतं. विश्वास नसताना येत राहणं म्हणजे खोटेपणा नाही, असं काहीतरी. पुस्तकात घेताना तिचं वय, काम, घर, सगळं बदललं. तिची आई समोर बसली तरी ओळखायची नाही. तेव्हा निश्चिंत राहा.

भावजींना म्हणावं, दिव्याबद्दल आभारी आहे.

धाकटा


१६ सप्टेंबर

धाकट्या,

निश्चिंत कशी राहू? लोकांनी ती बाई शोधून काढली.

चावीवाली. आठवते ना? आपलं चर्च झाडते, बाकं पुसते, सगळ्या दारांच्या चाव्या कमरेला लावून फिरते. नवरा गेल्यापासून चर्चमागच्या खोलीत राहते. आता कुणी म्हणतं, झाडणारी एकच आहे, मग आणखी कोण? कुणी म्हणतं, तरीच ती प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवते. (दार कुणी उघडं टाकलंय का, ते बघत असते.) गेल्या रविवारी तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. मंडळीच्या पंचांची बैठक सहा ऑक्टोबरला आहे. चाव्या काढून घ्यायच्या, असं ठरल्यातच जमा आहे. चाव्या गेल्या की खोली गेली. तिला दुसरीकडे कोणी नाही.

ती काल माझ्याकडे आली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "ताई, माझ्याबद्दल काय छापलंय ते मला वाचून दाखवा. शिव्या कसल्या खायच्या ते तरी कळू दे."

मी वाचून दाखवलं. पूर्ण प्रकरण. मध्ये दोनदा पाणी प्याले. तिने हात मांडीवर ठेवून ऐकलं आणि म्हणाली, "ही मी नव्हे. मी रोज त्याच्याशी भांडते. नसलेल्याशी कोण भांडेल?" मग उठताना म्हणाली, "पण बाई चांगली आहे. तिला कुणी नाही वाटतं विचारायला."

तू पाळकसाहेबांना लिही. ती ही नव्हे, असं स्पष्ट लिही. हे पंचांत आहेत, पण घरी या विषयावर बोलत नाहीत. मीही काढत नाही.

ताई


२० सप्टेंबर

ताई,

साहेबांना पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर उलट टपाली आलं. सभ्य आहे. लिहितात, "ती कोण हे आपल्याला ठाऊकच नाही असं आपण म्हणता, मग ती ही नव्हे हे कसं ठाऊक?" मीच असा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता तर खूश झालो असतो.

खरं काय झालं ते सांगतो. त्या पत्रातली बाई झाडणारी नव्हती. तिने लिहिलं होतं, मी गायनवृंदात गाते. तिचं वाक्य होतं, "त्याच्यासाठी सूर लावून ठेवायची सवय सुटत नाही." तिला लपवायचं म्हणून मी दुसरं काम शोधू लागलो. डोळे मिटले तर दिसली एक पाठ, रविवारी पहाटे बाकांमधून वाकून जाणारी. मी तिच्या हातात झाडू दिला आणि पुढे गेलो. ती पाठ कुणाची, ते जिवंत माणूस कुठे राहतं, हे मनात आलंच नाही. बारा वर्षं तिथे पाळक होतो आणि तिला मी देखावा म्हणून वापरलं.

पाळक असताना कुणाचं गुपित फोडलं नाही. पेपरात आल्यावर न पडताळता काही छापलं नाही. दोन्ही सांभाळायला गेलो आणि मध्ये तिसरीच सापडली.

आता एकच मार्ग दिसतो. उद्याच्या अंकात सदराच्या खाली चार ओळी टाकतोय: चार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या भगिनीने कृपया संपर्क साधावा, नाव गुप्त राहील, एका निरपराध व्यक्तीचं घर अवलंबून आहे. ती वाचत असेल तर येईल. अशी बाई येईलच असं मला वाटतं. का ते सांगता येणार नाही.

धाकटा


२५ सप्टेंबर

धाकट्या,

त्या चार ओळी पुन्हा छापू नकोस. ती बाई मी.

शनिवारी वाचल्या. चार दिवस लागले हे लिहायला. शाळेच्या कचेरीत तेव्हा मी अजून नोकरीला होते. सगळे गेल्यावर तिथल्या यंत्रावर टाइप केलं. वाजवते असं लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस, म्हणून गाते असं लिहिलं. आधी मी वेश बदलला, मग तू बदललास. आणि थप्पड चावीवालीला बसली.

तुला सरळ का विचारलं नाही, असं म्हणशील. तुला विचारलं असतं तर भावाने उत्तर दिलं असतं. मला पाळक हवा होता. तू तर पाळक राहिला नव्हतास. म्हणून पेपरला लिहिलं.

तुझ्या सहा ओळी कापून शिवणाच्या डब्यात ठेवल्या आहेत.

विश्वास कधी गेला? तो दिवस तुला माहीत आहे. पाववाल्याची सहा वर्षांची मुलगी गेली तो. तू कबरीपाशी पुस्तक उघडलंस, वाचायला तोंड उघडलंस आणि मिटलंस. पुस्तक माझ्या हातात दिलंस. तिची आई बघत होती. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी गायला लागले. गाताना मला कळलं की वर कुणी ऐकत नाहीये. पण खाली ऐकत होते, म्हणून शेवटपर्यंत गायले. तू गप्प राहून बाहेर पडलास. मी गाऊन आत राहिले. लोकांनी तुला नावं ठेवली आणि माझा हात धरून आभार मानले.

साहेबांना मी भीत नाही. पंचांनाही नाही. पायपेटी जाईल, जाऊ दे. म्हणजे, जाऊ दे असं नाही. पण ते सोसेन. मला भीती आहे यांची. अडतीस वर्षं रात्रीचं जेवण झालं की हे डोळे मिटून दोघांसाठी प्रार्थना करतात, मोठ्याने, आणि मी आमेन म्हणते. त्यातली अकरा वर्षं माझं आमेन नुसता आवाज होता, हे त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू? ते रागावले तर बरं. रागावत नाहीत.

तू येऊ नकोस. मला विचार करू दे.

ताई


२८ सप्टेंबर

ताई,

पत्र वाचलं आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो. क्रीडावाला शोधत आला. दोन पायऱ्या सोडून बसला.

इतकी वर्षं तू मला बहीण म्हणून दर पंधरवड्याला लिहीत आलीस आणि मी चार ओळींत उत्तर देत आलो: प्रकृती बरी, काम पुष्कळ. एकदाच अनोळखी म्हणून लिहिलंस, तर सहा ओळी दिल्या. त्या लिहायला मला दोन दिवस लागले होते. त्या दोन दिवसांत मी त्या बाईला मनातल्या मनात सांगत होतो की तुम्ही एकट्या नाही, माझी एक बहीण आहे, ती वाजवते, तिचा विश्वास पक्का आहे, तिच्याकडे बघून मी तगून आहे. ते छापलं नाही, नशीब.

आता ऐक. तुला काही सांगावं लागणार नाही. मी साहेबांना आणि संपादकांना एकच पत्र लिहून ठेवलंय. नववं प्रकरण मी रचलं, अशी बाई नव्हतीच, पत्र आलंच नव्हतं. मग चावीवाली सुटेल आणि तूही. माझं काय होईल ते उघड आहे. संपादक भला माणूस आहे, दुपारपर्यंत वेळ देईल टेबल आवरायला. पुस्तक दुकानांतून परत जाईल. ज्यांनी खिळा मारला ते म्हणतील, बघा. म्हणू देत. अकरा वर्षांपूर्वी मी तुझ्या हातात पुस्तक देऊन निघून गेलो. त्याची ही फेड समज.

गुरुवारी टपालात टाकतो. नको असेल तर त्याआधी कळव.

सोबत तुझं टाइप केलेलं पत्र परत पाठवतोय. ते आता माझ्याकडे असायला नको.

धाकटा


१ ऑक्टोबर

धाकट्या,

फाड ते. आत्ता फाड, हे वाचता वाचता.

तुला खोटं बोलता येत नाही. सातव्या वर्षी शेजाऱ्यांची काच फोडलीस आणि त्यांनी विचारायच्या आधीच जाऊन सांगितलंस, वर आईचा मार खाल्लास. तू पाळकी सोडलीस ती खोटं वाचायचं नाही म्हणून. पेपरात टिकलास तो खरं छापतोस म्हणून. आणि आता माझ्यासाठी खोटं छापणार? मग अकरा वर्षं आपण दोघांनी काय केलं?

शिवाय अशी बाई नव्हतीच असं तू छापलंस, तर माझ्यासारख्या आणखी असतील त्यांचं काय? त्यांच्याही डब्यात कात्रणं असतील.

यांना शनिवारी सांगेन. पंचांना रविवारी.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

फाडलं.

येऊ का? बाहेर उभा राहीन.

धाकटा


६ ऑक्टोबर, दुपार

धाकट्या,

बरं झालं आला नाहीस. तुला बघून लोकांना वाटलं असतं, भावाने शिकवून पाठवलं.

काल जेवण झालं. यांनी हात जोडले, डोळे मिटायच्या आत मी म्हटलं, "थांबा." आणि सांगितलं. ताटं तशीच होती.

"कधीपासून?"

"पाववाल्याच्या मुलीपासून."

"म्हणजे अकरा वर्षं."

"हो."

हे उठले आणि भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला गेले. सकाळीच दिली होती, फिरेना. तिथेच पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मग मी इतके दिवस एकटाच मागत होतो?"

म्हटलं, "मागत तुम्ही होतात. मी ऐकत होते. मला ऐकायला आवडायचं."

प्रार्थना झाली नाही. मी ताटं उचलली.

आज उपासनेला मी वाजवलं. चुकलं नाही. नंतर बाजूच्या खोलीत बैठक झाली. पंच सात, त्यात हे. चावीवालीला भिंतीशी स्टुलावर बसवलं होतं, चाव्या मांडीत. साहेबांनी सुरुवात केली आणि मी उभी राहिले. मला बोलवलं नव्हतं. म्हटलं, "ती बाई मी आहे. हिला सोडा."

साहेब म्हणाले, "ताई, तुमचं मन मोठं आहे. पण हिला वाचवायला तुम्ही..."

तू परत पाठवलेलं माझं टाइप केलेलं पत्र मी टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. सूर लावून ठेवायच्या सवयीचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मग आवाज खाली आणून, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "मग वाजवता कशाला?"

"तुम्हा सगळ्यांना गाता यावं म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटतं, ते त्या निम्म्यातले असावेत. पण हे छापू नकोस.

चाव्या चावीवालीकडेच राहिल्या. खोलीही. त्यावर फार बोलणं झालं नाही, सगळ्यांना लाज वाटत होती. पायपेटीसाठी हात वर करायला सांगितले. माझ्याकडून काढून घ्यावी म्हणून सहा हात वर झाले. यांचा हात गुडघ्यावर होता. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हाही गुडघ्यावरच होता. गीतांची पुस्तकं मी तिथेच ठेवून आले. पुढच्या रविवारपासून पोस्टमास्तरांची सून वाजवेल. डावा हात कच्चा आहे तिचा.

चावीवालीने मला दारात गाठलं. मला वाटलं, गळ्यात पडेल. म्हणाली, "तीन आठवडे मला घास गिळवला नाही. आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" बरोबर आहे तिचं. मी माफी मागितली. तिने चाव्या कमरेला लावल्या आणि म्हणाली, "पण बोललात." मग बाकं पुसायला गेली. तूही तिला पत्र लिही. माफीचं, साध्या शब्दांत. मी वाचून दाखवेन.

नव्या आवृत्तीत काय करायचं ते तू ठरव. झाडू काढ. बाकी प्रकरण राहू दे. माझं नाव घातलंस तरी चालेल, आता इथे कुणाला नवीन नाही.

येताना हे माझ्या बरोबरीने चालले. आत भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. झोपलेले नाहीत. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. हात रिकामे आहेत. काय करावं ते कळत नाही.

ताई


७ ऑक्टोबर

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून खाली लिहिते. सकाळी नऊ वाजता यांनी चपला घातल्या आणि दारात थांबले. म्हणाले, "बारीक स्क्रू हल्ली मला दिसत नाहीत. तुला आता सकाळचा वेळ आहे." मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. एक वाजेपर्यंत शेजारी बसून चिमट्याने स्क्रू उचलून दिले. तीन घड्याळं झाली.